कोपऱ्यातलं नाव

अल्वीना पेनरच्या टाक्याला तोड नव्हती. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात बायका चौकटीवर ताणलेल्या गोधडीभोवती बसून शिवत, कुणाचा गहू कसा आला ते बोलत आणि दुपारी आपापले डबे उघडत. अल्वीना मात्र आवराआवरीच्या निमित्ताने मागे राहायची. सगळ्या गेल्या की चष्मा सरसावून वाकडे, लांबलचक टाके हुडकायची, उसवायची आणि पुन्हा घालायची. आपला हा उद्योग कुणाला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती. ठाऊक सगळ्यांना होता. तिची नणंद एर्ना तर उघड म्हणायची, "मी मंगळवारी शिवलेलं बुधवारपर्यंत टिकत नाही बाई. तळघरात उंदीर फार झालेत."

नातवंडांच्या गोधड्या मात्र अल्वीना एकटीच करायची, घरी. सुनेने दिवस गेल्याचं सांगितलं की त्याच आठवड्यात कापड बेतायला घ्यायची. मूल जन्मायच्या आत गोधडी तयार असे, फक्त एक कोपरा रिकामा. नाव ठरलं की त्या कोपऱ्यात जाड लाल दोऱ्याने ते भरायचं. कोपऱ्यात नाव आलं की मूल पेनर झालं, असं त्या घरात मानत. नवरा मेनो होता तोवर प्रत्येक नव्या नावावरून तो अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "झाली नोंद."

धाकटा मुलगा लोरेन शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने आणि त्याची बायको जनेलने एका रविवारी, अल्वीनाच्या स्वयंपाकघरात, बातमी सांगितली. दोन मुलगे होते. आता मुलगी आणायची ठरवली होती. युक्रेनमधल्या अनाथाश्रमातली, सहा वर्षांची, झोर्याना नावाची. जन्मापासून आंधळी.

अल्वीना तेव्हा व्हेरेनिकेच्या, म्हणजे चीज भरून उकडायच्या करंज्यांच्या, कडा चिमटीने दाबत होती. तिची चिमूट थांबली नाही.

"आपले पणजोबा तिथूनच तर इकडे आले होते, आई," लोरेन हसून म्हणाला. "एक जण मागे राहिली होती म्हण."

"आले ते धडधाकट आले," अल्वीना म्हणाली.

जनेलचा चेहरा लाल झाला. ती पीठ लाटत राहिली.

पुढच्या मंगळवारी एर्नाने विचारलं, "मग, कापड बेतलंस की नाही नव्या पाहुणीचं?"

"तिला काय कळणार रंग नि काय कळणार टाका?" अल्वीना दोरा ओवत म्हणाली. "आणि नातवंडं होतात, एर्ना. आणायची नसतात."

एर्नाने तिच्याकडे पाहिलं. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नसे, पण त्या दिवशी तिने नुसती सुई पुन्हा कापडात घातली.

कागदपत्रांत वर्ष गेलं. लोरेन आणि जनेल तिकडे गेले, आणि मुलीला घेऊन येताहेत असा निरोप आला तेव्हा अल्वीनाच्या कपाटात काहीच नव्हतं. रिकाम्या हाताने विमानतळावर गेलं तर लोक काय म्हणतील, हा विचार तिला आदल्या दिवशी सुचला. ती तळघरात गेली. तिथे निर्वासितांना पाठवायच्या गोधड्यांचा ढीग होता. त्यातली एक सर्वांत खालची होती: नवशिक्या पोरींनी आणि एर्नाने मिळून शिवलेली, साय-रंगाच्या काठाची, वेड्यावाकड्या टाक्यांची. दूर देशी अनोळखी माणसांकडे जाणार म्हणून अल्वीनाने तिचे टाके उसवायचाही कंटाळा केला होता. पोरीला दिसणार थोडंच, असं म्हणून तिने ती उचलली, घरी नेऊन निळी रिबन बांधली.

विमानतळावर निम्मं चर्च लोटलं होतं. फुगे होते, रंगीत पाट्या होत्या, टाळ्या होत्या. पाट्या त्या मुलीला दिसणार नव्हत्या हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि टाळ्यांनी ती इतकी घाबरली की जनेलच्या कमरेला विळखा घालून किंचाळू लागली. अल्वीनाने काय करावं ते न सुचून हातातली गोधडी तिच्याभोवती टाकली. मुलीने ती डोक्यावरून ओढून घेतली आणि आत गप्प झाली. गाडीपर्यंत ती तशीच, चालत्या गाठोड्यासारखी गेली.

रविवारी पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, "गोधडी तयार होती, म्हणजे घर तयार होतं. अल्वीनाताईंसारखी आजी प्रत्येक लेकराला लाभो." सगळ्यांच्या माना अल्वीनाकडे वळल्या. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी एर्ना गाण्यांच्या पुस्तकाची पानं विनाकारण उलटत होती.

नाताळात सगळी नातवंडं गोधड्या घेऊन आजीकडे आली. जेवणानंतर बैठकीत जमिनीवर गोधड्याच गोधड्या पसरल्या. झोर्याना गुडघ्यांवर रांगत एकेक गोधडी चाचपत निघाली. थोरला नातू टायटस म्हणाला, "इकडे ये, माझं नाव बघ," आणि तिचं बोट धरून कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर ठेवलं. झोर्यानाने तो उंचवटा निरखून पाहिला, बोटांनी. मग दुसऱ्या गोधडीचा कोपरा. मग तिसऱ्या. मग ती आपल्या गोधडीकडे परतली. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा पहिला.

"आजी," तिने हाक मारली. भाषा अजून मोडकीच होती. "इथे नाही. माझं कुठे?"



"अजून राहिलंय," अल्वीना म्हणाली. "दोरा संपला होता."

"मग कधी?"

"लवकर."

मोरीपाशी भांडी विसळत असलेल्या जनेलने एकदाच मान वळवून सासूकडे पाहिलं आणि पुन्हा नळ सोडला. तिने दोन कडक शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं अल्वीनाला त्या आठवड्यात कितीदा तरी वाटलं.

तिने नवी गोधडी करायला घेतली. मखमल, लोकर, रेघारेघांचं जाड कापड, जे जे हाताला लागेल ते. टाके असे की तिच्या आईनेही मान डोलावली असती. कोपऱ्यात लाल जाड नाव. वसंत लागता लागता गोधडी घेऊन ती लोरेनच्या घरी गेली आणि मुलीच्या मांडीवर ठेवली. झोर्यानाने मखमलीवरून हात फिरवला, लोकरीला गाल लावला.

"छान आहे. कुणाची?"

"तुझी."

"माझी आहे," ती म्हणाली आणि आतून जुनी घेऊन आली. "हिच्यावर कर नाव. बघ, इथे गाठ. इथे मोठं, मोठं, मग बारीक बारीक. ही बाई दमली. इथे भोक." तिला तो प्रत्येक वाकडा टाका पाठ होता.

अल्वीना जुनी गोधडी घेऊन घरी आली. ह्या गोधडीवर लाल नाव घालायचं म्हणजे चारचौघांना बोट दाखवून सांगायचं, की हे मागाहून चिकटवलंय. म्हणून तिने साय-रंगाच्या काठावर साय-रंगाच्याच दोऱ्याने, बारीक, सपाट, कुणाच्या नजरेत भरणार नाही असं नाव घातलं. असं काम तिच्याइतकं सफाईने कुणी केलं नसतं.

गोधडी परत हातात आल्यावर झोर्यानाने चारही कोपरे दोनदा चाचपले.

"नाही."

"आहे गं. इथे." अल्वीनाने तिचं बोट धरून नेलं.

बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. "लपवलंस?"

जनेल धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"ही तू केली, आजी?" मुलीने गोधडीवर थाप मारून विचारलं.

"नाही," अल्वीना म्हणाली. "एर्नाने केली. आणि चर्चमधल्या पोरींनी. दुसऱ्या कुणासाठी केली होती."

"आणि तू?"

"मी रिबन बांधली."

झोर्यानाने गोधडीच्या कडा चाचपल्या. रिबन कधीच हरवली होती.

"मला माहीत होतं, आई," जनेल दारातून म्हणाली. "त्या ढिगाच्या घड्या मीच घातल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

अल्वीनाने खाली मान घालून कात्री मागितली. तिथेच, खिडकीपाशी बसून, आयुष्यभर दुसऱ्यांचे टाके उसवणाऱ्या बाईने आपले टाके उसवले. मग लाल दोरा दुपदरी घेतला. झोर्याना बोट सुईच्या वाटेतच ठेवून होती. "अजून जाड," ती म्हणे. "अजून." बोट टोचू नये म्हणून सुई भलतीकडे काढावी लागे, अक्षर कलंडे, दोऱ्याचा गठ्ठा होई. असलं काम मंगळवारी कुणी केलं असतं तर बुधवारी राहिलं नसतं.

पुढच्या रविवारी झोर्याना गोधडी घेऊनच चर्चला आली. प्रार्थना संपल्यावर ती बाकांच्या कडा धरत निघाली. जो भेटेल त्याचा हात पकडायची, त्याचं बोट कोपऱ्यावर न्यायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "हे आजीने. बाकी एर्नाने." पाद्रीबाबांचंही बोट तिने सोडलं नाही. त्यांनी नाव पाहिलं, टाके पाहिले, मग मान वर करून अल्वीनाच्या बाकाकडे पाहिलं आणि शेवटी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

अल्वीना मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. उठून जावं तर वाट मुलीच्याच अंगावरून होती.

"बघ बाई," एर्ना कानाशी पुटपुटली, "एक तरी उंदरांच्या तावडीतून सुटली."

"एर्ना, गप्प बस."

"बसते. तुझी पेपरमिंटची गोळी घे. तोंड पांढरं पडलंय."

झोर्याना त्यांच्या बाकापाशी पोचली. आधी एर्नाचा हात तिला सापडला, तिला सगळं सांगून झालं. मग पलीकडचा हात चाचपडला आणि तो कुणाचा ते न कळताच बोट ओढून कोपऱ्यावर ठेवलं.

"हे आजीने," ती म्हणाली.

अल्वीनाच्या बोटाखाली दोऱ्याचा तो कलंडलेला गठ्ठा होता. तिने बोट काढून घेतलं नाही. मुलगी थांबली, त्या हाताची नखं, अंगठी, सुईने घट्टे पडलेलं बोटाचं टोक तिने एकेक करून तपासलं.

"हो का," मग ती हळूच म्हणाली. "तुला माहीतच आहे."

आणि हात सोडून पुढच्या बाकाकडे गेली.