माझी लेक त्यांच्यासमोर जेवते

राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी लेक दुपारचं जेवायची आणि मी दाराबाहेर बाकड्यावर बसून ऐकायची. जेवणाचा आवाज बाहेर कुठला येतोय. यायचा तो हसण्याचा. एकदा ती इतक्या मोठ्यानं हसली, की मला वाटलं ठसका लागला, आणि मी उठून उभी राहिले. मग तिच्यासोबत जेवायला बसणाऱ्या मॅडमच्याही हसण्याचा आवाज आला. मी परत बसले.

घरी माझ्यासमोर ती घास गिळत नव्हती. हसणं तर लांबच.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. मालकांचं, म्हणजे लेकीच्या बाबांचं, वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. मी सकाळी एका खानावळीत भाकऱ्या थापायला जाते. तिथं कॉलेजची पोरं जेवायला असतात. "मावशी, अजून एक द्या की, आज लई मऊ झाल्यात," म्हणत पार चुलीपर्यंत येतात. मला परक्या माणसांशी बोलायला जमत नाही, मी मान वर करत नाही, पण पूर्वी ते ऐकून बरं वाटायचं. लेकीचं सुरू झालं आणि त्याच पोरांचा मला राग यायला लागला. ह्यांच्या आया कुठं गडहिंग्लजला, कुठं चंदगडला बसल्यात, आणि ह्यांची पोरं माझ्या हातचं मागून मागून खातात. माझी एकुलती एक पोर मात्र माझ्याच ताटाकडं विंचू बघितल्यासारखं बघते.

नववीत असताना तिनं आधी भात सोडला, मग तेल लागलेलं काही नको, मग मैत्रिणीकडं खाऊन आलो म्हणायला लागली. दप्तरात भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले. पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला. शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे पोटाचं नाही, जेवणाशी जडलेलं मनाचं दुखणं आहे, आणि इथं पाठवलं. इथं फक्त मुलं आणि वयात आलेली पोरं-पोरी असतात. काही नशेतून सोडवायला आणलेली, काही माझ्या लेकीसारखी.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. ताट मोठ्यांनी वाढायचं. जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही. आग्रह करायचा नाही, रागवायचं नाही. तिच्या अंगाबद्दल, बारीक-जाड, एक शब्द काढायचा नाही. आणि येता-जाता "जेवलीस का" विचारायचं नाही.

मालक बाहेर आल्यावर म्हणाले, "मग बोलायचं तरी काय? मुक्यागत बसायचं?"

त्यांचं खरं होतं. आमच्याकडं माणूस दारात आला की पहिला शब्द जेवणाचा. मी तर उभ्या आयुष्यात लेकीशी दुसरं काय बोलले होते? वाढू का, घे की, अर्धी तरी घे, एवढंच माझं बोलणं. ते काढून घेतल्यावर माझ्या तोंडात काही उरलं नाही. आम्ही तिघं ताटं घेऊन बसायचो आणि पंख्याचा आवाज ऐकायचो.

मॅडमना मात्र बोलायला पुष्कळ होतं. ह्या मुलांसोबत बसून जेवणं, बोलणं हेच त्यांचं काम. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, नाशिककडच्या. लेक त्यांना ताई म्हणायची, मी मॅडम म्हणायची, त्या मला काकू म्हणायच्या. त्यांच्या घरातलं मांजर, त्यांची बसमधली भांडणं, कुठला सिनेमा बेकार निघाला, असं काहीबाही सांगत त्या तिच्यासोबत खायच्या. त्यांना भाकरी येत नव्हती, हे मला लेकीकडूनच कळलं. त्या डब्यात सकाळचा उपमा आणायच्या. गारढोण उपमा. माझी लेक त्यातला अर्धा खाऊन आली, तेव्हा त्यांनी मला हसत सांगितलं, "काकू, आज आम्ही डबा वाटून खाल्ला." मी पण हसले. जिन्यावरून खाली उतरेपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

बाकड्यावर कळंब्याची एक बाई भेटायची. तिचा मुलगा पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा, त्यासाठी आणत होती. मोठ्या आवाजाची, कुणालाही दबणारी नव्हे. एक दिवस मला म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई. पोरगी घरात तरी बसती. आमचं रत्न तळ्याकडं जाऊन पडलेलं असतंय."

खरं तर मला तिचाच हेवा वाटत होता. तिनं पोरगा नशा करतोय म्हटलं की लोकांना कळायचं, चार बाया हळहळायच्या. मी काय सांगणार? पोरगी जेवत नाही म्हटलं की, "लाडावून ठेवलीसा," नाहीतर "दोन दिवस उपाशी ठेवा, येती की नाही बघा ताटावर," असलं ऐकायला मिळायचं.

"तुमची काय पिती का?" तिनं विचारलं.

"न्हाय. ती खात न्हाय."

"म्हंजे? काहीच?"

"इथं खाती. मॅडमसंगं."

"मग त्या मॅडमलाच घरी न्या की," बाई म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. तिच्या मनात काही नव्हतं. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं.

लेक बदलत होती हे मला दिसत होतं. गालाला रंग येत होता. पण बोलणंही बदललं. आमच्याकडं बाया-पोरीही "मी येतो, मी जातो" म्हणतात. ती "मी येते, मी जाते" म्हणायला लागली. एकदा मालकांना म्हणाली, "बाबा, मला आत्ता जरा अस्वस्थ वाटतंय."

"अस्वस्थ म्हंजे पोटात दुखतंय का डोक्यात?"

"मनात, बाबा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी भांडी घासायला गेले. हा शब्द कुणाचा ते मला माहीत होतं. मी तिला पहिलं बोलायला शिकवलं होतं, आणि आता दुसरीच कुणी शिकवत होती.

मग मीही करून बघितलं. जेवताना म्हटलं, "आज खानावळीत एक मांजर आल्तं." ती ताटात बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "पांढरं होतं." तिनं मान वर केली. "आई, ताईसारखं करू नको. तुला येत न्हाय." रागानं नव्हती म्हणाली. सहज म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

असे दिवस चालले होते आणि एका दुपारी मॅडम तिला सोडायला दाराबाहेर आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याकडं बघत, कौतुकानं म्हणाल्या, "काकू, आता हिची तब्येत छान झालीय हं."

मॅडमच्या लेखी तब्येत म्हणजे प्रकृती. ताप नसणं, चक्कर नसणं. आमच्या घरात तब्येत म्हणजे अंग. मालक तरुणपणी तालमीत जायचे. त्यांच्या तोंडी कुणी तब्येत केली म्हणजे दंड-मांड्या भरल्या. लग्नाकार्यात एखादी बाई जाड झालेली दिसली की आमच्यात म्हणतात, "तब्येत लई सुधारली की!" आणि सगळ्या हसतात. लेक हेच ऐकत मोठी झालेली.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे विझले. मला त्याच क्षणी कळलं तिला काय ऐकू आलं ते. मॅडमना कळलं नाही. त्या हात हलवून आत गेल्या.

रिक्षात ती ओढणी अंगाभोवती गुंडाळून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी तिकडं जाणार नाही.

आणि मला आनंद झाला. ते झाकून काय करू. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या पोटात साखर पडल्यासारखं झालं. ह्या बाईचंही चुकतं तर. आता हिला माझ्याकडंच यावं लागणार. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सांगितलं, परीक्षा आहे, परीक्षा झाली की येते. परीक्षा नव्हती.

त्या दिवशी मी खानावळीतून लवकर आले. तिच्यासाठी वेगळं पीठ मळलं, तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी काढली, वांग्याचं भरीत केलं, लहानपणी ती बोटं चाटून खायची तसं. ताट पुढं ठेवलं आणि काही बोलले नाही. नियम सगळे पाळले. तिनं भाकरीचा पापुद्रा काढला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि ताटाच्या कडेला रांगेत लावले. मग ताट सरकवलं.

पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्याही. मालक विचारायचे, "दवाखान्यात का न्हाय जात ही?" मी म्हणायची, "जाईल की." मला अजून एक दिवस हवा होता. मग अजून एक. ती उद्या खाईल, माझ्या हातचं खाईल, आणि मी त्या बाईला जाऊन सांगेन, असं मी भाकऱ्या थापताना मनात शंभरदा बोलून बघत होते.

एका सकाळी ती मोरीतून बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मी धरून खाली बसवलं. तिचं मनगट माझ्या हातात आलं आणि माझ्या मनातलं सगळं बोलणं बंद पडलं. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि राजारामपुरीला गेले.

मॅडम एकट्याच होत्या. मी उभ्याउभ्या सांगितलं, तब्येत म्हणजे आमच्यात काय ते. मला वाटलं त्या चकित होतील.

"माहीत आहे मला, काकू," त्या म्हणाल्या. "तिनं त्याच संध्याकाळी मला मोबाइलवर कळवलं. खूप बोलली मला. तुम्हीपण सगळ्यांसारख्याच, असं म्हणाली. मी माफी मागितली. नंतर तिचं उत्तर नाही. तुम्ही परीक्षा आहे म्हणालात, म्हणून मी थांबले."

म्हणजे भांडलीसुद्धा त्यांच्याशीच. मला आजवर ती रागानं एका शब्दानं बोलली नव्हती. माझ्यासमोर नुसती गप्प बसायची. तिच्या रागाचाही मला हेवा वाटला, इथवर माझी मजल गेली होती.

"परीक्षा न्हवती," मी म्हटलं. "मला वाटलं, तुमच्याकडं न्हाय आली तर माझ्याकडं जेवंल."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग हळू विचारलं, "जेवली?"

"न्हाय."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. लेकीला त्याच दिवशी घेऊन आलो. तपासणी झाली, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवसापासून परत दुपारचं जेवण सुरू करायचं ठरलं, आणि ह्या वेळी मलाही आत बसायला सांगितलं.

आत एक साधं टेबल आणि खुर्च्या. इतके दिवस मी काय काय समजत होते. आम्ही तिघी बसलो. मी वाढलं. लेकीनं ताटाला हात लावला नाही. मॅडम म्हणाल्या, "माझ्यावर राग आहे ना? बोल की." ती मॅडमकडं न बघता माझ्याकडं वळली.

"हिला विचारा. हिला बरं वाटलं. मी येणार न्हाय म्हणलो तवा हिच्या तोंडाकडं बघितलो मी. गोड खाल्ल्यागत झालं होतं हिचं तोंड!"

मी नाही म्हणू शकले असते. मॅडम बघत होत्या.

"व्हय," मी म्हटलं. "वाटलं."

"का?"

"तू त्यांच्यासंगं हसतीस. माझ्यासंगं हसत न्हाईस."

ती रडली. मीपण रडले. मॅडमनी काही समजुतीचं सांगितलं नाही. त्यांनी आपल्या ताटातला घास घेतला आणि खिडकीकडं बघत चावत राहिल्या. लेकीनं बऱ्याच वेळानं एक तुकडा मोडला. मी ताटाकडं बघायचं नाही म्हणून मॅडमकडं बघितलं, तर त्यांची नजर खिडकीवर होती आणि घास तोंडात तसाच. चावायचं थांबून त्या ऐकत होत्या, लेकीनं गिळलं का ते. त्यांना पगार मिळतो ह्याचा, असं मी स्वतःला सांगत आले होते. पगारासाठी कुणी असा घास धरून ठेवत नाही. ते बघून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

हेवा गेला असं मी लिहिणार नाही. अजून ती त्यांच्याकडं जाते, अजून त्यांच्याशी जास्त बोलते. कधी दोन दिवस नीट जातात, कधी ताट तसंच परत येतं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल.

परवा मी भाकरी वाढली आणि समोर बसले. तिनं तुकडा मोडला, थांबली आणि एकदम ओरडली, "आई, किती बघतीस! गिळू तरी दे की! फिर तिकडं."

मालक दचकले. मी पाट उचलला, फिरवला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. मालक हसायला लागले आणि तिनं त्यांनाही झापलं. भिंतीवर डाळीचा जुना डाग होता, तो बघत मी बसले. मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग पाण्याचा तांब्या. मग परत भाकरीचा.

"झालं," ती म्हणाली तेव्हा मी वळले. अर्धी भाकरी ताटात राहिली होती. मी काही न बोलता ताट उचललं.