लाइन साफ होती

आमच्या फोनला खरखर लागली ती रस्ता खणल्यापासून. कर्वेनगरात त्या वर्षांत सारखं कुणीतरी काहीतरी पुरायला यायचं. आधी पाण्याचा पाइप, मग कसल्याशा केबल, मग पुन्हा पाइप. अशाच एका खणाखणीत आमच्या वायरला काहीतरी झालं असणार. रिसीव्हर उचलला की कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा आणि त्याच्या मागे, फार लांबून, बोलणारा माणूस. पाऊस आला की माणूस ऐकूच यायचा नाही, नुसती मोहरी.

बाबांच्या बदलीमुळे आम्ही अमरावतीकडून पुण्यात आलो तेव्हा मी शाळेत होते. पुढे बीएस्सी झाले, मग सगळे करत होते म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स केला. हिंजवडीतल्या एका कंपनीची लेखी परीक्षा पास झाले आणि मुलाखतही. मुलाखत घेणारे दोघे इथलेच होते. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं छान चाललं होतं. शेवटी त्यांनी सांगितलं, आता फक्त अमेरिकेतला आमचा ग्राहक तुमच्याशी फोनवर बोलेल. घरचा नंबर देऊन ठेवा.

मी नंबर दिला आणि बसमध्ये बसल्यावर मला ती मोहरी आठवली.

बाबा दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. मग त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. घरातून तक्रार नोंदवायची तर त्याच फोनवरून नोंदवावी लागे, आणि पलीकडच्या बाईंना आमचा नंबरच नीट ऐकू जात नसे. शेवटी लाइनमन आला. त्याने खांबाजवळचा जोड उघडला, आतून ओली माती काढली, वायर बदलली आणि आमच्या घरी येऊन रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला. बाबांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाच नोकरी लागली. मी ऐकलं. नुसता डायलटोन. इतका स्वच्छ आवाज त्या यंत्रातून मी कधी ऐकला नव्हता.

फोन संध्याकाळी सातला येणार होता. आईने कुकर आधीच लावून घेतला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आली की जरा वेळ बेल वाजवू नका. काकू मूळच्या शनिवार पेठेतल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही न बोलावता कुणाच्या घरी जातच नाही." आईने ते परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. ते बोलणं चांगलं की वाईट, हे तिला कळलं नव्हतं.

फोन आला. मी मनात घोकलेलं "गुड इव्हनिंग" म्हटलं. पलीकडे सकाळ होती. ग्राहक हसला आणि काहीतरी बोलला. शब्द एकमेकांना चिकटलेले होते, मधे कुठे फटच नव्हती. आवाज मात्र समोर बसल्यासारखा स्पष्ट. त्याने कप टेबलावर ठेवल्याचा आवाजही मला आला.

"सॉरी सर?" मी म्हटलं.

त्याने पुन्हा सांगितलं. मला त्यातला "प्रोजेक्ट" एवढाच शब्द सापडला. मी कॉलेजातल्या प्रोजेक्टबद्दल पाठ केलेलं बोलायला लागले. तो म्हणाला, "कम अगेन?" मी तेच वाक्य अजून मोठ्याने म्हटलं. खराब लाइनवर ओरडायची सवय लागलेली होती. तो म्हणाला, "पार्डन?" मी आणखी मोठ्याने बोलले. बाबा दारात उभे होते. त्यांनी हाताने खूण केली, अजून जोरात.

मग तो थांबला आणि अगदी सावकाश, सौजन्याने त्याने विचारलं की लाइन खराब आहे का. मला पूर्ण समजलेला हा पहिलाच प्रश्न होता. मी म्हटलं, "यस सर." त्याने विचारलं, जवळ दुसरा नंबर आहे का? मी लगेच पुन्हा फोन करतो.

असं काही तो विचारेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रिसीव्हरवर हात ठेवून मी ते बाबांना सांगितलं आणि त्यांनी पळतच जाऊन काकूंचा दरवाजा वाजवला. काकूंच्या घरी मुलाचे परदेशातून फोन यायचे. त्यांनी सांगितलेला नंबर मी एकेक आकडा करून त्याला दिला आणि आम्ही तिकडे गेलो. काकूंनी टीव्ही बंद केला. मला फोनजवळच्या खुर्चीवर बसवलं. काका वर्तमानपत्र खाली घेऊन बसले, काकू सोफ्यावर, आई-बाबा दाराशी. कुणाला बाहेर जावंसं वाटलं नाही आणि मला जा म्हणता येईना.

पुन्हा तोच आवाज, तितकाच स्पष्ट. आता तर तो मुद्दाम हळू बोलत होता. मला वाक्याची सुरुवात कळायची आणि शेवटाकडे जाईपर्यंत सुरुवात निसटायची. मी "यस सर" म्हणत राहिले. एकदा मी "यस सर" म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, तेव्हा लक्षात आलं की "यस" हे त्या प्रश्नाचं उत्तरच होऊ शकत नव्हतं. कान तापले. शेवटी त्याने माझे आभार मानले. ते मात्र मला नीट कळलं.

मी रिसीव्हर ठेवला. मग बाबा म्हणाले, "इथेही लाइन खराबच दिसते."

काकू म्हणाल्या, "आमच्या फोनला नावं ठेवू नका हं. कालच मुलाशी बोललो. त्याला शिंक आली तीसुद्धा ऐकू आली आम्हाला."

बाबा हसल्यासारखं करून म्हणाले, "तसं नाही हो, परदेशातून येताना होतं असं कधीकधी."

त्या क्षणी मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. त्या माणसासमोर मी चुकले याचं एवढं नव्हतं. तो मला कधीच दिसणार नव्हता. पण काकूंनी माझं ते ओरडणं, ते "यस सर, यस सर" ऐकलं होतं, आणि त्यांच्यासमोर बाबा माझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि ते खोटं कुणालाच पटलं नव्हतं.

कंपनीकडून काही कळलं नाही. बाबा मात्र प्रत्येकाला सांगत राहिले. ऑफिसात, वाण्याकडे, अमरावतीहून आलेल्या मामाला. मुलगी हुशार हो, सगळं पास झाली, ऐन वेळी फोनने घात केला. मी बाजूला उभी असायची. लोक मान हलवायचे, आपापल्या फोनच्या कहाण्या सांगायचे. मी मान खाली घालून ऐकायची.

एका शनिवारी बाबांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. "चल, एक्स्चेंजमध्ये जायचं. तूच सांग, त्या दिवशी कसा आवाज येत होता."

"कशाला पण?"

"चल तर."

तिथल्या टेबलामागे एक मध्यमवयीन बाई होत्या. आमच्या मागे चार-पाच माणसं उभी. बाबांनी तक्रार सांगितली. बाईंनी काही न बोलता आमचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर बाबांना दिला, मग माझ्याकडे धरला. घरून आई बोलत होती, "हॅलो? कोण बोलून राह्यलं?" तिच्या बांगड्याही ऐकू आल्या.

"लाइन तर साफ आहे," बाई म्हणाल्या.

"आज आहे हो. त्या दिवशी नव्हती."

"त्या दिवसाचं आज मी कसं ऐकवू तुम्हाला? आपल्याला नेमकं काय हवंय?"

तेव्हा बाबांनी सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच कळलं. त्यांना चार ओळी लिहून हव्या होत्या, शिक्क्यासह. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या भागातल्या लाइनमध्ये बिघाड होता, एवढंच. ते घेऊन ते हिंजवडीला जाणार होते. "मुलीला परत एकदा बोलू देतील," ते म्हणाले. "तिचा काही दोष नाही हो यात." एरवी ऑफिसात कुणापुढे आवाज खाली न करणारा माझा बाप त्या बाईंसमोर हात जोडल्यासारखा उभा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आवरा जरा."

मी म्हटलं, "बाबा, लाइन चांगली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "तू थांब."

"दोन्हीकडे चांगली होती. मला त्याचं बोलणं समजलं नाही. त्याला माझं समजलं नाही."

मी हळू बोलायला हवं होतं, पण ते मोठ्यानेच निघालं. टेबलामागच्या बाई खाली बघून पेनचं टोपण लावत बसल्या. बाबा त्यांना म्हणाले, "माफ करा. तुमचा वेळ घेतला."

घरी येईपर्यंत स्कूटरवर मागून मला त्यांची मानच तेवढी दिसत होती, नुकते केस कापलेली. हात त्यांच्या खांद्यावर ठेवावा की सीटच्या कडीला धरावं, हे मला ठरवता येईना.

बाबा आतल्या खोलीत जाऊन पडले. आई भाजी निवडत होती. तिने विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं आणि रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "तुले समजून नव्हतं राह्यलं, हे मले त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी पण तेच करते ना वं." तिने मेथीची जुडी सोडली. "तुझ्या मैत्रिणीचा फोन आला का मी म्हणते, खरखर होऊन राह्यली, थांबा, देते तिला. रस्ता तर आता खणला. मी केव्हाची म्हणते."

पुण्यात आल्यावर सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ती एक वाक्य बोलली होती. बायकांनी ते कौतुकाने तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग आणखी एकदा. तेव्हापासून ती बाहेरच्यांशी मोजकंच बोलायची. तिने हे अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. ती फोन पटकन माझ्या हातात द्यायची याचं मला नेहमी बरं वाटायचं. का बरं वाटायचं, ते तिला माहीत होतं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. आम्ही दोघींनी मेथी निवडली.

इमारतीत सगळीकडे बोभाटा होईल असं मला वाटलं होतं, पण काकूंनी कुणाला एक शब्द सांगितला नाही. मीच किती दिवस त्यांची चाहूल घेऊन जिना उतरत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मला दुसऱ्या, लहानशा कंपनीत काम मिळालं. तिथे फोनवर मुलाखत नव्हती. पण काम सुरू झाल्यावर आठवड्याला परदेशी फोन असायचाच. टेबलाच्या मधोमध यंत्र ठेवलेलं आणि आम्ही भोवती. सुरुवातीचे कित्येक महिने मी तोंड उघडलं नाही. हळूहळू वाक्यांमधल्या फटी दिसायला लागल्या. तरीही कुणी "कम अगेन?" म्हटलं की अजूनही माझे कान आधी तापतात, मग मी उत्तर देते.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात नाही, वाण्याकडे नाही. मामालाही आईनेच कळवलं. एकदा बाबा आणि मी जिना चढत होतो आणि काकू दारात उभ्या होत्या. "मुलगी हल्ली रोज सकाळी बसने कुठे जाते हो?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा थांबले. उत्तर द्यायच्या आधी ते माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सांगू का गं?"