नसरीनच्या नावाचा तलाव

आज ज्या तलावाला माझ्या बायकोचं नाव देताहेत, तो तलाव म्हणजे थाप आहे हे तिनंच सिद्ध केलं होतं.

किळस येते. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

नसरीनला जाऊन आज एक वर्ष झालं. कॉलेजला निघाली आणि जिन्यातच कोसळली.

ती भूगर्भशास्त्र शिकवायची. माझं शिरपूरला गाद्यांचं दुकान.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाजवळ आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं पाझर तलाव बांधला होता. त्याच्यामुळेच गावच्या विहिरीला पाणी टिकतं, असा रिपोर्ट त्याला हवा होता. भूजल खात्याच्या साहेबांकडून ते काम नसरीनकडे आलं.

तिनं पाणी गोळा करायला सुरुवात केली. माथ्यावरचा पाऊस, पायथ्याचा पाऊस, झरा, तलाव, विहीर. फ्रिजमध्ये भाजीला जागा नाही, नुसत्या बाटल्या.

एकदा माझ्या अम्मीनं त्यातली एक पिऊन टाकली. म्हणाली, "छोटी बाटली होती, मला वाटलं मक्केचं जमजम आहे."

नसरीन हसून हसून खालीच बसली. आणि झऱ्याच्या त्या एका बाटलीसाठी परत डोंगर चढली.

मी म्हणालो, "पाणी ते पाणी. त्यात बघतेस काय एवढं?"

"सगळं पाणी सारखं नसतं. काही पाण्यातला ऑक्सिजन जरासा जड असतो. ढग डोंगर चढतो तसं जड पाणी आधी पडून जातं, म्हणून माथ्यावरचा पाऊस हलका. तलावात उलटं. उन्हानं हलकं पाणी उडून जातं, जड मागे राहतं. लॅबमध्ये मोजलं की कळतं, कुठलं पाणी कुठून आलंय."

आयसोटोप म्हणतात त्याला. मला गाद्यावाल्याला समजलं, साहेबांना नाही समजलं.

विहिरीचं पाणी हलकं निघालं. थेट माथ्यावरच्या पावसाचं, खडकांच्या भेगांमधून उतरलेलं. तलावाचा त्यात मागमूस नाही.

आणि त्याच माथ्यावर त्या पुढाऱ्याला दगडाची खाण हवी होती.

तिनं सरळ लिहिलं, माथा फोडलात तर विहीर जाईल.

मग साहेबांचं बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडंच होतं.

"मॅडम, ते खाणीचं वाक्य काढा. आणि तलावाचा थोडा फायदा दाखवा. थोडाच."

"जे नाहीच, ते थोडं कसं दाखवू?"

"तुम्ही फार इमोशनल होताय."

इमोशनल! आकडे घेऊन गेली होती ती.

तिनं सही केली नाही. साहेबांनी रिपोर्ट दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यात तलाव 'वरदान' झाला, आणि खाण सुरू झाली.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या लताअक्कांचा फोन आला.

"बाई, इहिरना तळ दिसी ऱ्हायना. बठ्ठ्या बाया टँकरनी वाट देखी ऱ्हायन्यात."

विहीर आटली होती. नसरीन फोन ठेवून ओट्याशी उभी राहिली.

"माझं बरोबर निघालं," म्हणाली.

तिला इतकं हरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

तरी ती खाण थांबवा म्हणून अर्ज करत राहिली. गेली तेव्हाही एक सुनावणी बाकी होती. आता अर्जदारच नाही म्हटल्यावर तीही गुंडाळली.

आणि काल त्याच पुढाऱ्याचे दोन कार्यकर्ते नारळ, शाल घेऊन दुकानात आले.

"भाऊ, तलावाला भाभींचं नाव देतोय. तुम्ही स्टेजवर पाहिजे."

मोबाईलवर बोर्डाचा फोटो दाखवला. 'कै. नसरीन मॅडम जलसागर'. कै.! निदान तेवढं तरी कुणाला विचारायचं.

"त्या तलावाचं पाणी विहिरीत जात नाही, हे लिहिलंय का बोर्डावर?"

"जाऊ द्या ना भाऊ. चांगल्या कामात असं नका बोलू."

"माझी परवानगी नाही."

"परवानगीचं काय त्यात? बोर्ड लागलाय."

शाल गादीवर ठेवून निघाले. ती उचलून रस्त्यावर त्यांच्या गाडीत टाकून आलो. हात धुतले.

थांबवता नाही आलं मला. थांबवायचं कुणाकडे जाऊन? सगळे तर स्टेजवर आहेत.

सकाळी लताअक्कांचा फोन होता. "भाऊ, आमना गावमाईन कोनी जानार नही. त्या डबकाले बाईनं नाव? थू!"

वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

मी आणि अम्मी कब्रस्तानात जाऊन आलो. फातिहा पढली.

दुपारपर्यंत कार्यक्रमाचे फोटो तुमच्या मोबाईलवर येतील. त्याखाली हात जोडू नका. श्रद्धांजली तर मुळीच नको. तिच्यासाठी दुआ करा, घरच्या घरी.

नसरीन, अल्लाह तुला जन्नत देवो. तू खरं लिहिलंस. आता आराम कर.