रंग चुकला

माझी आत्या माणसांची चित्रं काढते, त्यावरच तिचं पोट चालतं. पण तिच्या चित्रांत हात शोधून सापडायचे नाहीत. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे शालीखाली. जाणकार याला तिची शैली म्हणायचे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आजी कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होती. निळा रंग तिच्या हातांत कोपरापर्यंत मुरला होता. साबणाने हात टेकले, लिंबानेही. घरी येताना ती डब्याच्या झाकणात उरलासुरला रंग आणायची आणि लहानगी आत्या जमिनीवर पालथी पडून रेघोट्या मारायची. तिचं पहिलं जमलेलं चित्र आईचंच होतं. स्टुलावर बसलेली आई, मांडीवर गडद निळे हात.

ते शाळेच्या भिंतीवर लागलं. आजी ठेवणीतले कपडे घालून बघायला गेली. बाईंनी कौतुकानंच विचारलं, हात असे का गं? पोरी फिदीफिदी हसल्या. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रंग चुकला, बाई," ती म्हणाली.

आजी मागेच उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. घरी त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी झाकणातून रंग पुन्हा आला. आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं आत्या अजून म्हणते.

पुढे ती रीतसर चित्रकला शिकली, स्टुडिओ थाटला, बडी माणसं तिच्यासमोर बसू लागली. हात काढायला घेतले की तिला ती भिंत आठवायची आणि लाजेनं कान तापायचे. प्रदर्शनाला बोलावलं की आजी गुडघ्यांचं कारण सांगायची.

गेल्या वर्षी आजीच म्हणाली, "माझं चित्र काढ. हात दिसू देत." कारखाना सुटून जमाना झाला होता, हात पांढरेफटक पडले होते. आत्यानं जीव ओतला. शीर न् शीर, वाकडी करंगळी, पांढरा पडलेला रंगही, सगळं उतरलं. आता तरी आईला तोंड दाखवता येईल, असं तिला वाटत होतं.

आजीनं चष्मा पुसून चित्र बराच वेळ पाहिलं.

"हात अगदी माझे आहेत," ती शांतपणे म्हणाली. "रंग चुकला."

मान खाली घालून आत्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.