बासष्ट टक्के

कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे शंकासूर म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव चपखल होतं. सव्वीस वर्षं प्लांट चालवला, पण पडद्यावरच्या आकड्यावर काडीचा विश्वास नाही. बायकोनं चहात साखर घातली म्हटलं, तरी हा आधी घोट घेऊन खात्री करणार! गेल्या महिन्यात नुसत्या संशयावरून त्यानं दोनदा प्लांट थांबवला. दोन्ही वेळा काही निघालं नाही. इंजिनिअर बाई तेव्हा तोंड पाडून बसल्या.

त्या सकाळी आम्लाच्या टाकीची पातळी बासष्ट टक्के दिसत होती आणि भरणारा पंप नुकताच चालू केला होता. पातळी ऐंशीला पोचली की पंप आपोआप बंद होतो. टाकीखाली त्याचा मेव्हणा, फिटर, व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसला होता.

अर्ध्या तासानंही बासष्टच. पडद्यावरची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो पुटपुटला.

"झालं तुमचं सुरू," बाई म्हणाल्या.

"पंप चालू, आणि आकडा हलत नाही? एवढा गुणी असतो होय आकडा?" त्यानं पंप बंद केला आणि वॉकीटॉकी उचलला. "मेव्हण्या, आधी तिथून लांब हो. हत्यारं राहू दे. पलीकडच्या शिडीनं वर जाऊन बघ."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "दाजी, काठाला वीतभर कमी आहे. आणखी दहा मिनिटं, की माझ्या अंगावर."

शंकासुराची जीभ सुटली. "मीटर धुताना गजर नको म्हणून पडद्यावरचा आकडा आहे तिथंच बांधून ठेवतात आणि सोडायला विसरतात. रात्रपाळीचाच असणार. कोण तो गाढव, शोधा."

बाईंनी कॉम्प्युटरवरची नोंद काढली. काल दुपारी एक पन्नास. ऑपरेटर नंबर त्याचाच.

काल मीटरवाला आला, यानंच आकडा बांधला, दोनला पाळी सुटली आणि हा घरी गेला. सव्वीस वर्षांत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, एक स्वतः सोडून.

मेव्हणा धापा टाकत आत आला. त्यानं दाजींचे हात धरले. "तुमच्या शंकेखोरपणानं वाचलो. आज ताईला सांगतो, तुझा नवरा देवमाणूस आहे."

बाईंनी नोंदीचा पडदा हळूच पलीकडे वळवला. शंकासुरानं तो परत फिरवला आणि मेव्हण्याला खुर्ची दिली.

"बस," तो म्हणाला. "आधी हे वाच."