एक कथा हाताने उतरवली तेव्हा

माझी पहिली कथा मी भाचीच्या मृत्यूवर लिहिली. ती वाईट होती. का वाईट होती हे कळण्यासाठी मला दुसऱ्याच कुणाची तरी कथा अक्षरन् अक्षर उतरवून काढावी लागली.

मी अहेरीकडच्या एका लहान दवाखान्यात रक्त तपासतो. सतरा वर्षं झाली. मलेरियाच्या काचा, हिमोग्लोबिन, साखर, आणि आमच्या भागात कितीतरी घरांत असलेला सिकलसेल. हा आजार आईबापांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघेही वाहक असले तर मूल आजारी जन्मू शकतं. मग त्याचे सांधे सुजतात, हाडं ठणकतात, आणि साध्या तापाचीही घरच्यांना धास्ती वाटते.

माझी भाची तशी होती. धाकट्या बहिणीची एकुलती मुलगी. राजुऱ्याच्या पलीकडे त्यांचं गाव, कापूस-सोयाबीनची शेती. दुखणं उठलं की ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. सातव्या वर्षी, पावसाळा संपता संपता, तीन दिवसांच्या तापात ती गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात लोक जमले होते आणि बहीण आत तिच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. कुणी तिला थांबवत नव्हतं.

वाचनाचा नाद मला आधीपासून होता. भाची गेल्यावर वर्षभराने मी लिहायला बसलो. वीस पानं भरली. दाखवायची कुणाला? दर महिन्याला साखर तपासायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. जन्मभर मराठी शिकवलेलं. त्यांच्याकडे मी कागद दिले. पुढच्या महिन्यात त्या आल्या, बाही वर करून हात टेबलावर ठेवला आणि मी दंडाला पट्टा बांधत असताना म्हणाल्या, "वाचली तुमची गोष्ट."

"कशी वाटली, बाई?"

"रडू येते. पण ते लेकरू मेलं म्हणून येते. तेवढं तं पेपरातली बातमी वाचूनही येते." त्यांनी सुईकडे पाहिलं नाही. "तुमच्या गोष्टीत सासूचा दोष आहे, मायचा आहे, डॉक्टरचा आहे. मायचा भाऊ तेवढा देवमाणूस. असा माणूस मी तं पाहिला नाही."

मला राग आला. रक्त घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुना दिवाळी अंक काढला. पानं पिवळी पडली होती, पाठीला डिंकाची पट्टी होती. एका कथेच्या पानावर बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं.

"ही हातानं उतरवून काढा. पूर्ण. मग एकेका वाक्यापुढं लिहा, ते तिथं काऊन आहे, कशासाठी आहे. घाई करू नका."

कथा अकरा पानांची होती. दोन भाऊ विहिरीचं काम घेतात. धाकटा खाली उतरून खोदतो, थोरला वरून दोर सांभाळतो. एके दिवशी दोर तुटतो आणि धाकटा मरतो. एवढंच. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, अपघाताची गोष्ट, यात शिकण्यासारखं काय आहे?

दुपारी ओपीडी संपल्यावर काचा वाळत ठेवल्या की मला तासभर मोकळा मिळायचा. मी एक रजिस्टर घेतलं आणि सवयीप्रमाणे रकाने आखले. वाक्याचा क्रमांक. यातून काय कळलं. कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय. आणि शेवटचा: काढलं तर काय जातं. कथेत दोनशे सत्तेचाळीस वाक्यं निघाली. रोज चार-पाच व्हायची.

उतरवताना हात डोळ्यांपेक्षा सावकाश चालतो. त्यामुळे वाचताना ज्यावरून मी घसरत गेलो होतो त्या जागा टोचू लागल्या. मृत्यूला लेखकाने एकच वाक्य दिलं होतं, तेही लहान. आदल्या संध्याकाळी दोघं भाऊ जेवायला बसतात त्याला मात्र दीड पान. धाकट्याला भाजीत मीठ कमी लागतं, तो मागत नाही, थोरला न बोलता मिठाचा डबा पुढे सरकवतो. माझ्या कथेत भाची पाच पानं मरत होती आणि ती काय खायची हे कुठेच नव्हतं.

एकशे एकोणिसाव्या वाक्यावर मी अडकलो. सकाळी दोर बांधण्याआधी थोरला तो हातातून फिरवून पाहतो. एकशे विसावं वाक्य: पुन्हा एकदा पाहतो. मग बांधतो. कथा मी तोवर तीनदा वाचली होती आणि हे मला दिसलं नव्हतं. माणूस दोर दुसऱ्यांदा कशाला पाहील? पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं म्हणून. म्हणजे त्याला माहीत होतं. पुढे सगळा गाव दोराला दोष देतो, दुकानदाराला देतो, थोरला गप्प बसतो. लेखकानेही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मी एकशे विसावं वाक्य खोडून ती पानं पुन्हा वाचली. कथा विझली. नुसता अपघात उरला. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "सगळंच जातं."

त्या दिवशी मी लवकर घरी गेलो.

दोन महिन्यांनी रजिस्टर भरलं. मग मी माझी कथा काढली आणि तिच्या वाक्यांना क्रमांक घातले. रकाने भरत गेलो. चौपन्नावं वाक्य होतं: लग्नाआधी तपासणीत काही निघालं नाही. कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय, या रकान्यापाशी माझा पेन थांबला. तिथे लिहायला नाव एकच होतं, आणि ते माझं होतं.

आता ते सांगतो.

बहिणीचं रक्त मीच तपासलं होतं. ती वाहक. आधीची दोन स्थळं हे सांगितल्यावर मोडली होती. एका घरचे तर चहाचे कप अर्धे ठेवून उठले. तिसरं स्थळ आलं तेव्हा आई म्हणाली, "आता तोंड उघडू नको. पोरगी घरात बुढी होईन." मी उघडलं नाही. साक्षगंध झालं, लग्नाची तारीख ठरली. त्यानंतर आठवड्याने मुलगा स्वतःच माझ्या दवाखान्यात आला. शिकलेला होता, समजदार होता. म्हणाला, "भाऊ, माहं बी रक्त पाहून घ्या ना. आजकाल सगळे सांगून राह्यले."

ती तपासणी साधी असते. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. त्याचं द्रावण गढूळ झालं. रेघा दिसेनात. मी कागद नळीला अगदी टेकवला, उजेडाकडे वळलो, तरी दिसेनात. खिडकीतून तो बाहेरच्या बाकावर बसलेला दिसत होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. मी नळी नळाखाली धुतली, स्टँडवर पालथी घातली आणि बाहेर जाऊन म्हणालो, "काही नाही. चांगलं आहे." त्याने मला टपरीवर चहा पाजला. मी तो प्यायलो.

भाची आजारी निघाली तेव्हा चंद्रपूरला तिघांचंही रक्त पाहिलं गेलं. त्याने फोन केला. "भाऊ, तुमी तं तपासलं होतं ना?" मी म्हणालो, ती पहिली टेस्ट कधीकधी चुकते. त्याने विश्वास ठेवला.

कथा मी पुन्हा लिहिली. नऊ पानं झाली. नळी लिहिली, कागद लिहिला, चहा लिहिला, आणि मला काय वाटलं ते लिहिलं नाही. बाईंनी ती माझ्यासमोरच बाकावर बसून वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"हे घडलं आहे?"

"हो."

"बहिणीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. छापायचं नंतर पाहू." उठताना म्हणाल्या, "गोष्ट आता चांगली झाली आहे. तिच्या कामाची आहे की नाही, ते मला सांगता येत नाही."

पुढच्या रविवारी मी निघालो. आष्टी, गोंडपिपरी करत दुपारी पोचलो. जावई शेतात होते. बहीण ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मला तोंडाने सांगवेना म्हणून मी कागद पुढे केले. ती बारावीपर्यंत शिकलेली, पण वाचायची सवय सुटलेली. बोट ठेवून वाचत गेली. शेवटच्या पानावर थांबली, परत दोन पानं मागे गेली.

"म्हणजे टेस्ट चुकली नवती."

"नाई."

"तुले दिसलं होतं."

"हो."

तिने कागद सारखे केले, घडी घातली. "दादा, माही सासू आजबी म्हणते, आमच्या पोराचं रक्त तं साफ होतं, तिच्या भावानंच पाह्यलं. डाक्टर किती सांगो, तिच्या डोक्यातून जात नाई. लेकरू तापानं फणफणे तवाबी म्हणे, हे तुया मायच्या घरचं. आठ वर्सं मी आयकून घेतलं. मले वाटे, असंन बापा, माह्यातच असंन."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या कथेत सासू वाईट होती, पण ती काय बोलते आणि कशाच्या जोरावर बोलते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी काय करू?" मी म्हणालो.

"ते येतीन आता. त्यायले सांग. सासूच्या समोर सांग. कागद नको वाचू. तोंडानं सांग."

जावई आले, पाय धुतले, मला पाहून खूश झाले. बहिणीने सासूला आतून बोलावलं. मी उभा राहूनच सांगितलं. चार-पाच वाक्यांत संपलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसल्या. जावई माझ्याकडे पाहत नव्हते, बहिणीकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "हिले माहीत होतं?"

"नाही. तिला आत्ता सांगितलं."

"मंग तुमी जा, भाऊ." आवाज चढला नव्हता. "चारची गाडी भेटन."

मी चपला घातल्या. बहीण ओट्यावर आली नाही. कागद तिच्याकडेच राहिले.

आईला कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "काऊन सांगतलं? मेलेलं लेकरू वापस येते का?" तिच्याशी मी वाद घातला नाही. तिचं आणि माझं तोंड एकाच वेळी बंद होतं, आणि उघडताना मी तिला विचारलं नव्हतं.

राखीला बहीण आली नाही. त्यानंतरच्या राखीलाही नाही. मधे एकदा जावयांचा फोन आला. बहिणीला दिवस गेले होते. पोटातल्या बाळाची तपासणी कुठे होते, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी नागपूरचा पत्ता सांगितला, कितव्या आठवड्यात जायचं ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी म्हणालो, "मी येऊ का सोबत?" ते म्हणाले, "नाई. तुमी नका येऊ." तपासणीत काय निघालं ते मला आईकडून कळलं: बाळ नुसतं वाहक आहे. ते आता दीड वर्षाचं झालं. मी अजून पाहिलेलं नाही. सासूबाई आता सुनेला काही बोलत नाहीत, असंही आई सांगते. बोलत नाहीत म्हणजे, काहीच बोलत नाहीत.

ती कथा मी छापायला दिली नाही. प्रत बहिणीकडे आहे, आणि दुसरी मी काढली नाही. नंतर मी वेगळ्या कथा लिहिल्या. दोन छापूनही आल्या. बाई वाचतात, चुका काढतात. मध्यंतरी साखर तपासायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं की आता कुठली कथा उतरवायला घेतली आहे. मी म्हणालो, एक घेतली आहे, साठाव्या वाक्यापर्यंत आलोय, अजून कुणाचं काय लपलंय ते दिसत नाही. त्या म्हणाल्या, "दिसन." आणि हात पुढे केला.