रिकाम्या घागरीचं पाणी

आमच्या विनोदी लोकनाट्याच्या पार्टीत मी अकॉर्डियन वाजवायचो; सगळे त्याला बाजाच म्हणायचे. एक प्रवेश ठरलेला: नवरा झिंगून घरी येतो आणि बायको त्याच्या डोक्यावर घागर उपडी करते. बायको म्हणजे आमचा सोंगाड्या, लुगडं नेसलेला. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो.

दुष्काळात फर्दापूरकडच्या एका गावात दादांनी नेहमीसारखं खरं पाणी ओतलं आणि समोरची माणसं गप झाली. एक बाई तर पोराला उचलून निघूनच गेली. लई लाज वाटली. त्या दिवसापासून घागर रिकामी. पाणी मी वाजवायचो. भाता दाबत वरच्या सुरांवरून बोटं खाली घसरवली की नवरा भिजल्यासारखा अंग झटकायचा. लोक पोट धरून हसायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

पुढं गावांची बोलावणी आटली. शहर मात्र वेरूळच्या रस्त्यानं पसरत सुटलं होतं. तिथल्या एका प्लॉटवाल्यानं आम्हाला भर दुपारी बोलावलं. मांडवात गिऱ्हाईकं, कडेला टँकर, फलकावर 'चोवीस तास पाणी'.

"घागर भरलेली पाहिजे," शेठ म्हणाले. "लोकांना पाणी दिसू द्या."

"पण बाजा भिजला तर कामातून जाईल," दादा म्हणाले.

"मग त्याला लांब बसवा की."

माझ्याकडं दुसरा बाजा नव्हता आणि मला दुसरं काही येतही नव्हतं. मी अगदी कडेला बसलो.

दादांनी घागर ओतली, हशा पिकला. शेठना चेव आला. त्यांनी खूण केली आणि टँकरवाल्यानं पाइपच आमच्यावर धरला. आधी नवरा, मग दादा, मग मी. उठून पळायला पाहिजे होतं. पण लोक हसत असताना हात थांबवायचा नाय, ही जन्माची सवय. भाता ओढला की पाणी आत जायचं. एकेक सूर बसत गेला. लोकांना तेही सोंगच वाटलं, ते आणखी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

खेळ संपल्यावर आम्ही मांडवामागं गेलो. दादांच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. त्यांनी लुगडं सोडलं आणि बादलीत पिळलं.

"धुण्याला होईल," म्हणाले.

मी बाजा तिरपा केला. भात्यातून धार लागली. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाय, फक्त बादली माझ्यापुढं सरकवली.